दणकट मोटार आणि आतला माणूस

जुने ते सोने ही म्हण आपल्या मंडळींत तांब्यापितळेच्या भांड्यांपासून जुन्या मास्तरांपर्यंत सर्वांना लावली जाते, आणि बहुतेक वेळा ती खरीही असते. मोटारगाड्यांना मात्र ती लावताना आम्ही परिचारिका थोड्या अडखळतो. अमेरिकेत उन्हाळा आला की गावोगावी जुन्या मोटारींची प्रदर्शने भरतात. चार जुलैच्या मिरवणुकीत तर त्यांना मानाचे स्थान असते. पुढे चकचकीत क्रोमचे बंपर, मागे माशाच्या परांसारखे उभारलेले पंख, आत कोचासारखी ऐसपैस बैठक. मुंबईहून किंवा इस्रायलहून पाहुणे आलेले असले की त्यांना हे दाखवावयास न्यावेच लागते. मग कोणी मामा किंवा काका बॉनेटवर बोटाने टकटक करतात आणि म्हणतात, "हा खरा पत्रा! आताच्या गाड्या म्हणजे बिस्किटांचे डबे. जरा धक्का लागला की चेपल्या." हे बोल आम्ही इतक्या वेळा ऐकले आहेत, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवून पट्टा न लावता निर्धास्त बसणारे इतके लोक पाहिले आहेत, की एकदा या प्रश्नाचा नीट विचार करावा असे वाटले.

पत्रा जाड होता, यात वाद नाही. हळू धक्का लागला तर जुन्या गाडीला पोचा पडत नसे आणि गॅरेजचा खर्च वाचत असे, हेही कबूल. प्रश्न एवढाच की मोठा आघात झाला तर तो दणकटपणा कोणाच्या कामी येत होता, गाडीच्या की गाडीत बसलेल्यांच्या?

याचे उत्तर २००९ साली व्हर्जिनिया राज्यातील रकर्सव्हिल येथे अगदी प्रत्यक्ष करून पाहण्यात आले. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संस्था १९५९ साली स्थापन झाली. तिला पन्नास वर्षे झाली तेव्हा भाषणे आणि हारतुरे यांपेक्षा काही वेगळे करावे म्हणून त्यांनी १९५९ ची एक शेवरले बेल एअर विकत घेतली, आणि तिच्यासमोर उभी केली त्याच कंपनीची २००९ ची शेवरले मालिबू. पन्नास वर्षांच्या अंतराच्या दोन बहिणीच म्हणा ना. दोघींच्या चालकाच्या जागी माणसाच्या आकाराचे, आत मोजमापाची यंत्रे बसविलेले पुतळे ठेवले. मग दोन्ही गाड्या ताशी ४० मैलांच्या वेगाने एकमेकींवर सोडल्या. टक्कर पूर्ण समोरासमोर न घेता चालकाच्या बाजूचा भाग चालकाच्या बाजूवर येईल अशी घेतली, कारण रस्त्यावर बहुतेक अपघात तसेच होतात.

ताशी ४० मैल म्हणजे ६४ किलोमीटर. हा वेग काही फार नव्हे, शहराबाहेर पडताच आपण सहज गाठतो. पण एवढ्या वेगाने जाणारा मनुष्य एकदम थांबला तर त्याला बसणारा मार सुमारे पन्नास फुटांवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून खाली पडल्याइतका असतो. पाचव्या मजल्याच्या खिडकीत कठड्याशिवाय बसावयास आपले कोणी तयार होणार नाही.

या टक्करीची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. आम्ही ती पाहिली तेव्हा आमचे लक्ष गाड्यांकडे नव्हते, पुतळ्यांकडे होते. तो सवयीचा भाग आहे. बेल एअरचे दणकट नाक तसेच्या तसे मागे सरकत आले आणि चालकाची जागाच नाहीशी झाली. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या अंगावर आला. पुतळ्याचे डोके चाकावर आपटले, मग छताला आणि धातूच्या उघड्या डॅशबोर्डला लागले. समोरची काच चौकटीतून निखळून पडली, दार उघडले, बैठक एका बाजूने जमिनीपासून उपटली गेली. गाडीत पट्टा नव्हता, कारण १९५९ साली तो देण्याची पद्धतच नव्हती. हा चालक जिवंत माणूस असता तर तो आमच्यापर्यंत पोहोचण्याचा संभव फारच थोडा होता. उलट मालिबूचे नाक पार चुरगळून गेले, बिस्किटाच्या डब्यासारखे, अगदी काका म्हणतात तसे! पण चालकाच्या बसण्याची जागा शाबूत राहिली. पट्ट्याने पुतळ्याला धरले, एअरबॅगने डोके झेलले, आणि मोजमापावरून निष्कर्ष निघाला की फार तर पायाला इजा झाली असती. असा रुग्ण प्लास्टर घालून घरी जातो.

जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही, आणि ते साहजिक होते. गाडीत इंजिनच नव्हते असा बोभाटा झाला. गाडी गंजलेली होती, म्हणून तर तांबूस धूळ उडाली, असेही म्हटले गेले. संस्थेने खुलासा केला की सहा सिलिंडरांचे इंजिन जागेवर होते आणि उडाली ती वर्षानुवर्षे साचलेली रस्त्याची माती होती. त्या मॉडेलची एक्स आकाराची चौकट कमजोर होती हा आक्षेप मात्र खरा आहे. पण त्यात जुन्या गाडीची बाजू कशी बळकट होते ते आम्हांस कळत नाही. लाखो कुटुंबे त्याच चौकटीवर बसून हिंडत होती.

आता चुरगळणारी गाडी वाचवते आणि न चुरगळणारी मारते, हे कोडे सोपे करून सांगितले पाहिजे. आपल्या मुलांना क्रिकेटचा झेल घेताना पाहावे. वेगाने येणारा चेंडू जो ताठ हातांनी अडवतो त्याचे बोट मोडते. जो हात मागे ओढीत चेंडू घेतो त्याला काही होत नाही. चेंडू तोच, वेगही तोच. थांबण्यास लागलेला वेळ तेवढा वाढला. गाडीचे नाक दोन फूट चुरगळले म्हणजे गाडीने हात मागे ओढला. जुनी गाडी ताठ हातांनी झेल घेत असे, आणि मोडणारी बोटे आतल्या माणसाची असत.

आमच्या लेखी खरा इतिहास येथून पुढे आहे. लोकांची समजूत अशी असते की विद्या वाढत गेली आणि गाड्या आपोआप सुधारल्या. तसे झालेले नाही. १९५९ हेच साल घ्या. त्या वर्षी डेट्रॉइटचे कारागीर शेवरलेला पंख लावीत होते. त्याच वर्षी मर्सिडीज कंपनीची पंखवाली एक गाडी बाजारात आली, पण तिचे नाक मुद्दाम चुरगळण्यासाठी घडविलेले होते. ही कल्पना बेला बॅरेन्यी या अभियंत्याची. तिचा पेटंट अर्ज त्याने १९५१ मध्येच केला होता. आणि त्याच १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन याने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा गाडीत बसविला. बोलिन पूर्वी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवीत असे. व्होल्वोने हे पेटंट इतर सर्व कंपन्यांना खुले केले. म्हणजे बेल एअर कारखान्यातून बाहेर पडली त्या वर्षी तिच्या चालकाला वाचविण्याचे दोन्ही मोठे उपाय जगात हजर होते. त्याला ते मिळाले नाहीत, एवढेच.

त्याच्याही आधी डॉक्टरांनी ओरड केलेली होती. डेट्रॉइटमध्ये डॉ. क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. १९३० च्या दशकात ते फाटलेले चेहरे शिवून शिवून कंटाळले. बहुतेक चेहरे चालकाशेजारी बसणाऱ्यांचे, आणि त्यांत बायकाच अधिक. डॅशबोर्डवरच्या टोकदार मुठी आणि खटके कपाळात व गालांत घुसत. स्ट्रेथ यांनी त्या मुठी बोथट करा, डॅशबोर्डला गादी लावा, असे मोटार कंपन्यांना सांगितले आणि स्वतःच्या गाडीत पट्टे बसवून घेतले. काही मॉडेलांत थोडाफार बदल झालाही, पण तो टिकला नाही.

ह्यू डीहेवन यांची गोष्ट तर प्रत्येक परिचारिकेला ठाऊक असावी. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, वैमानिकाचे शिक्षण घेत असता त्यांच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेतच टक्कर झाली. ते वाचले, पण पोटातले अवयव फाटले होते. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी विचार केला, तो असा की पोटाला एवढी इजा नेमकी कशाने झाली? उत्तर सापडले ते पट्ट्याच्या मोठ्या, पुढे आलेल्या बकलात. तो बकल तेथे नसता तर इजाही झाली नसती. पुढे त्यांनी उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांच्या हकीकती गोळा केल्या आणि १९४२ साली ५० ते १५० फुटांवरून पडून जगलेल्यांवर एक निबंध लिहिला. कोणी भुसभुशीत मातीत पडले होते, कोणी एखाद्या पत्र्यावर, आणि तो पत्रा खाली दबला होता. लोक त्याला नशीब म्हणत होते. डीहेवन यांनी दाखविले की दबणारा पत्रा आणि मऊ माती यांनी थांबण्याचा वेळ वाढविला होता. कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी या संशोधनाचा पाया घातला. त्यांचे सांगणे असे की माणसालाही मालासारखे नीट बांधून पाठविले पाहिजे. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको. हापूसची पेटी भरताना फळ्या मजबूत असाव्या लागतात, पण पेंढा घातल्यावाचून नुसत्या मजबूत पेटीत आंबा मुंबईस धड पोहोचत नाही.

कर्नल जॉन स्टॅप यांनी तर स्वतःच्या देहावर प्रयोग केला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला पट्ट्यांनी जखडून ते ताशी ६३२ मैलांपर्यंत गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेना, पण ते जगले आणि दृष्टीही परत आली. नीट बांधलेले शरीर केवढा मार सोसू शकते हे त्या दिवशी सिद्ध झाले. हवाई दलाची माणसे विमानापेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून ते पुढे मोटारींच्या मागे लागले.

कंपन्यांचे म्हणणे असे होते की अपघात चालकाच्या चुकीने होतात, तेव्हा चालकाला शिकवा. फोर्डने १९५६ साली आत खोल गेलेले स्टिअरिंग आणि जादा पैसे दिल्यास पट्टे देऊ केले होते. पण सुरक्षितता विकली जात नाही अशीच समजूत धंद्यात रूढ झाली. ती मोडली १९६५ च्या शेवटी, राल्फ नेडर या तरुण वकिलाच्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाने. जनरल मोटर्सने त्याच्यामागे खाजगी हेर लावले. हे उघडकीस आले आणि १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. नव्या खात्याचे प्रमुख म्हणून डॉ. विल्यम हॅडन यांना नेमले. ते सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर होते, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. हिवताप हटवावयाचा तर रोग्याला दोष देऊन भागत नाही. डास, डबके आणि औषध या तिन्हींकडे पाहावे लागते. हॅडन यांनी अपघाताकडे त्याच नजरेने पाहिले. अपघाताआधी काय, अपघाताच्या क्षणी काय, नंतर काय, आणि प्रत्येक वेळी माणूस, गाडी व रस्ता यांचे काय, असा त्यांनी तक्ताच मांडला. १९६८ पासून नव्या गाड्यांत पट्टे सक्तीचे झाले आणि छातीत घुसण्याऐवजी आत दुमडणारा स्टिअरिंगचा दांडाही आला.

याचा परिणाम आकड्यांत सांगावयाचा तर १९६६ साली अमेरिकेत मोटारींच्या दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे सुमारे साडेपाच माणसे मरत. २०१० नंतरच्या दशकात हे प्रमाण एकाहून थोडे अधिक इतके खाली आले. सगळे श्रेय गाडीचे नव्हे. रस्ते सुधारले, दारू पिऊन चालविणाऱ्यांवर कडक कायदे झाले, रुग्णवाहिका सुधारल्या. १९६० च्या दशकापर्यंत कित्येक गावांत प्रेत नेणाऱ्याचीच गाडी जखमींनाही आणीत असे, हे आज कोणास खरे वाटणार नाही.

आकड्यांपेक्षा आम्हांला वॉर्डच अधिक बोलका वाटतो. १९८० च्या दशकात आम्ही येथे नोकरीस लागलो तेव्हा रस्त्यावर जुन्या गाड्या पुष्कळ होत्या आणि शंभरांत जेमतेम चौदा-पंधरा जण पट्टा लावीत. प्रौढांनी पट्टा लावलाच पाहिजे असा पहिला कायदा न्यूयॉर्क राज्यात अमलात आला, तोही १९८४ च्या डिसेंबरात. रुग्णाकडे पाहून तो कोठे बसला होता हे आम्ही ओळखत असू. छातीवर चाकाच्या कड्याचा गोल वळ म्हणजे चालक. कपाळावर आणि पापण्यांत काचेचा चुरा म्हणजे शेजारचा. तो चुरा चिमट्याने तासन्‌तास काढावा लागे आणि तरी महिन्याने एखादा कण वर येई. गुडघा डॅशबोर्डवर आदळून खुब्याचा सांधा मागे निसटलेला, म्हणजे पुढच्या बैठकीवरचा उंच तरुण. जसजशा नव्या गाड्या आल्या आणि लोक पट्टे लावू लागले तसतशा या खुणा विरळ होत गेल्या. अलीकडे येथे शंभरांत नव्वद जण पट्टा लावतात. आमच्या निवृत्तीच्या सुमारास शिकाऊ मुलींना छातीवरचा गोल वळ जुन्या पुस्तकातल्या चित्रातच दाखवावा लागे. त्याच्या जागी डाव्या खांद्यावरून तिरपा गेलेला पट्ट्याचा निळसर वळ दिसू लागला. तो पाहून आम्हांस बरे वाटे, कारण तो वळ दाखविणारा माणूस बहुधा बोलत असे आणि घरी फोन करावयास मागत असे.

नवे ते सर्वच सोने असेही नाही. पहिल्या एअरबॅगा मध्यम बांध्याच्या, पट्टा न लावणाऱ्या पुरुषाला अडविण्याच्या हिशेबाने बनविल्या होत्या आणि फार जोराने फुगत. १९९० च्या दशकात त्यांनी पुढे बसविलेली लहान मुले आणि चाकाला चिकटून बसणाऱ्या ठेंगण्या बायका दगावल्या. नंतर त्यांचा जोर कमी करण्यात आला. आपल्या बायका उंचीने बेताच्याच, म्हणून सांगून ठेवतो की छाती आणि चाक यांत निदान दहा इंच अंतर असावे, आणि मुलांना मागेच बसवावे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नव्या गाडीने आतल्या माणसाची काळजी घेतली, पण बाहेरच्याचे काय? येथे लोकांना अलीकडे उंच, जड, भिंतीसारख्या तोंडाच्या गाड्या आवडतात. २००९ साली अमेरिकेत सुमारे ४,१०० पादचारी मोटारींखाली मेले. २०२२ साली हा आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. याला कारणे अनेक आहेत, पण बेल एअरची परीक्षा घेणाऱ्या त्याच संस्थेने २०२३ साली दाखवून दिले की ज्या गाडीचे बॉनेट ४० इंचांहून उंच असते ती पादचाऱ्याला लागल्यास मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. ठेंगणे बॉनेट पायाला लागते आणि माणूस वर पडतो. उंच बॉनेट थेट छातीला किंवा डोक्याला लागते. म्हणजे दणकटपणाची जुनी हौस दुसऱ्या वेषात परत आली आहे, आणि या वेळी किंमत रस्ता ओलांडणारा देत आहे.

आपल्या मायदेशात जुने आणि नवे यांची गल्लत आणखी निराळ्या तऱ्हेने झाली. मुंबईची काळीपिवळी फियाट, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी, १९५० च्या दशकातल्या इटालियन घराण्याची. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाली तेव्हा आम्हीही हळहळलो. नागपाड्याहून बोरीबंदरपर्यंत किती वेळा तिच्यात कोंबून बसलो असू! पण गाडी कोऱ्या रंगाची आणि यंदाची असली म्हणजे ती नवी झाली, असे नव्हे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळून पाहिल्या. हा वेग बेल एअरचाच. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-टेन आणि फोक्सवॅगन पोलो, पाचही गाड्यांना एअरबॅगेवाचून शून्य तारे मिळाले. त्यांतल्या पोलोची दोन एअरबॅगा असलेली आवृत्ती त्याच परीक्षेत चार तारे घेऊन उतरली. म्हणजे उपाय कपाटात होता, गिऱ्हाइकाला दिलेला नव्हता. १९५९ चीच कथा. त्यानंतर मात्र हालचाल झाली. २०१९ पासून चालकासाठी आणि २०२१ पासून शेजारच्यासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची तारे देणारी परीक्षा सुरू झाली.

राहता राहिली मागची बैठक. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, हा समज आपल्या वडीलधाऱ्यांत फार पक्का आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. ती महागडी जर्मन गाडी होती. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. चुरगळणारे नाक आणि अर्धा डझन एअरबॅगा असल्या तरी माणूस बांधलेला नसेल तर तो आत मोकळ्या आंब्यासारखा आदळतो, आणि मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन पडतो.

साडी नेसून पट्टा लावणे अवघड जाते अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तिला उपाय आहे. खालचा पट्टा पोटावर न घेता निऱ्यांच्या खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूस, खुब्याच्या हाडांवर बसवावा. गरोदर बाईने तर तो पोटाच्या खालूनच घ्यावा. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून यावा, काखेतून नव्हे, आणि पदर त्याच्याखाली सपाट करून घ्यावा. आणि आपल्या जुन्या बायकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेला असतो, तो गाडीत बसण्याआधी काढून पर्समध्ये टाकावा. डीहेवन यांचे पोट ज्याने फाडले तो बकल काही त्याहून मोठा नसावा.